भरल्या पोटाचं पारडू

आमच्याकडच्या पावसाबद्दल सांगायला लागलो की पुण्याची माणसं गालात हसतात, म्हणून मी थोडं कमी करूनच सांगतो. त्या साली कोंबडा आरवायला तोंड उघडायचा तर आधी चूळ टाकायचा. बेडकं पाण्याला कंटाळून आढ्यावर चढून बसली होती. चुलीत लाकूड घातलं तर ते पेटायच्या ऐवजी त्याला पालवी फुटायची, आणि मग बाया ती पालवी खुडून शेळ्यांना घालायच्या. शेळ्या म्हणजे ज्यांच्या होत्या त्यांच्या. आमच्याकडे नव्हत्या, आणि सगळी गोष्ट तिथंच अडते.

ते साल धरणाचं. खाली खोऱ्यात पाणी पहिल्यांदाच अडलं होतं. नदीकाठची गावं चंबूगबाळं उचलून गेली. आमची वाडी माले गावाच्या वरल्या अंगाला, डोंगराला चिकटलेली, म्हणून वाचली. वाचली म्हणजे बुडाली नाही इतकंच, शेजार मात्र बुडाला. ज्यांच्या जमिनी खाली होत्या ते गुरंढोरं घेऊन गेले, आणि वाडीत राहिलं माझ्या चुलतभावाचं, हैबतरावाचं घर, त्याला टेकून माझी एकट्याची खोली, आणि बाकी नुसत्या भिंती.

एक म्हातारी होती, चिमाबाई. ही धनगराची. पावसाळ्यात आमच्या चिखलात मेंढरांचे खूर कुजतात, म्हणून धनगर आखाडाच्या आधीच मेंढरं-शेरडं घेऊन खाली देशावर उतरतात आणि दिवाळी झाली की परत येतात. त्या साली चिमाबाईचा गुडघा धरला होता. तिचा मुलगा म्हसू तिला हैबतरावाच्या ओटीवर बसवून म्हणाला, “पाटील, माजी आई ठेवून चाललुया. दिवाळीला नेतो.” जसं कुणी हंडा ठेवून जावं तसं. म्हातारी त्याच्या पाठमोऱ्या अंगाकडे बघत म्हणाली, “माज्यापरीस त्या बोकडाला उचलून नेलंस रं भाड्या.”

आणि अशा पावसात हैबतरावाची बायको, सगुणाबाई, बाळंत झाली. मुलगा झाला. साखर वाटायला वाडीत माणूस नव्हतं, म्हणून ती सगळी साखर हैबतरावाच्या जयसिंगानं, म्हणजे सहा वर्षांच्या थोरल्या लेकानं खाल्ली. महिना नीट गेला. मग सगुणाबाईला ताप भरला. असा ताप की कपाळावर हात ठेवला तर हात भाजावा. त्या तापात तिच्या अंगावरचं दूध आटलं.

पोर रडायला लागलं.

घरात एक म्हैस होती. नाव मैना. अंगानं कोळशाच्या वखारीएवढी, शिंगं अशी की एका शिंगावर धोतर वाळत घालावं, पण नाव मैना. ती नुकतीच व्यालेली होती, म्हणून काळजी नव्हती. तिचं दूध पाणी घालून, कोमट करून, कापसाच्या बोळ्यानं पोराच्या तोंडात पिळायचं. पोर चुरूचुरू प्यायचं आणि झोपायचं. सगुणाबाई आतल्या खोलीतून क्षीण आवाजात विचारायची, “भावजी, प्यालं का वो?” मी म्हणायचो, “प्यालं, ढेकर दिली, आन् आता तमाकू मागतंय.” ती हसायची. तापातलं हसू ते, पण हसू.

मैनेची पाण्यावर जायची वाट वर्षानुवर्षं तीच. उतरण उतरायची, आंब्याला वळसा घालायचा, पुढं पाणवठा. जनावराला धरण काय सांगायचं? पाणवठा आता आंब्याच्या अलीकडे आला होता, आणि काठाचा सगळा चिखल झाला होता. मैना थांबली. तिच्या मागून उड्या मारत आलेलं पारडू थांबलं नाही. ते घसरलं, आणि त्या लाल पाण्यात जे गेलं ते दिसलंच नाही. हैबतरावानं उडी टाकली, बुडी मारली, वर आला तेव्हा हातात कमळाचा देठ होता. वाडीत कमळं नव्हती. कुठल्या बुडालेल्या गावच्या तळ्यातला तो देठ, कोण जाणे.

त्या संध्याकाळी मैनेनं पान्हा चोरला.

म्हशीला पारडू पुढ्यात लागतं. ते ढुशी देतं, तेव्हा ती दूध सोडते. नसलं तर आचळ ओढून हात मोडले तरी चरवी कोरडी. हैबतराव तिच्या पाठीवर हात फिरवत, मानेला खाजवत बसला. पेंड दिली, गूळ दिला. मैना रेकत राहिली. ती मान वळवून उतरणीकडे बघायची, आणि आत पोर रडायचं. दोघांचे आवाज एकमेकांना उत्तर दिल्यासारखे.

पोराला तांदळाची पेज दिली, ती त्यानं ओकून टाकली. डब्याच्या तळाला उरलेल्या साखरेचं पाणी दिलं, ते राहिलं, पण तीही साखर संपली. हैबतराव दूध आणायला मालेला निघाला. मधला ओढा डोक्यावरून वाहत होता. कंबरेला दोर बांधून उतरला, ओढ्यानं त्याला उचलून परत आमच्याच काठावर आणून टाकलं. तीनदा. ओढ्याला आमची वाडी आवडत असावी.

“नान्या,” तो ओटीवर बसून, ओल्या धोतरातून पाणी गळत असताना म्हणाला, “माणसानं आता करावं तरी काय?”

मला बोलता येतं असा लौकिक आहे. त्या वेळी मी नुसता त्याच्या धोतराचा सोगा पिळत बसलो.

चिमाबाई कोपऱ्यातून म्हणाली, “पारडू भरा की.”

पारडू भरणं म्हणजे मेलेल्या वासराचं कातडं काढून, आत पेंढा कोंबून ते आईपुढं उभं करायचं. आई चाटते, फसते, दूध सोडते. ही रीत सगळ्यांना ठाऊक होती.

“कातडं कुटंय, म्हातारे?” हैबतराव म्हणाला. “पारडू तर खाली गेलं.”

“मग शिवा.”

“काय शिवा?”

“पारडू शिवा. तुजी लेक दिसभर भावल्या शिवतीया, तिला सांग.”

हैबतरावाची लेक रत्ना. नऊ-दहा वर्षांची. सगुणाबाईनं तिला सुई धरायला शिकवलं होतं, आणि पाऊस असल्यावर पोरं घरात करणार काय? चिंध्यांच्या बाहुल्या, बाहुल्यांच्या वाकळा, जयसिंगासाठी चिंध्यांचा चेंडू. तिच्या बाहुल्यांचं सगळं घर भरलं होतं. एकदा पाव्हणा आला तो बाहुलीला रामराम घालून बसला होता.

रत्नानं मान वर केली. “येवढं मोटं?”

“येवढं मोटं.”

“कापड कुटंय?”

घरात होतं ते सगळं बाळंतिणीखाली आणि बाळाखाली, आणि तेही ओलं. मग चिमाबाईनं अंगावरची घोंगडी काढली. काळी, जाड, तिच्या नवऱ्यानं स्वतः विणलेली. ती घडी घालून तिनं पोरीच्या पुढ्यात टाकली. “म्हशीच्या रंगाची हाय.”

“आज्जी, तुला थंडी वाजंल.”

“वाजू दे. हात गारठलं तरी मला कोन दूध काडाय बसवनार हाय?”

तर रत्ना शिवायला बसली. सुईनं घोंगडी ऐकेना, म्हणून पोती शिवायचा दाभण दिला. दोरा म्हणून सुतळी. जयसिंगाला पाय शिवायला दिले. मला भोकं पाडायला बसवलं, कारण माझ्या हातून टाका घालवेना. हैबतराव पेंढा झोडत होता.

आता पोरीच्या हाताला वळण बाहुलीचं. तिनं आधी डोकं केलं, मग मान, मग खांदे, मग दोन हात. दुपारी बघतो तर घोंगडीची एक धिप्पाड बाई भिंतीला टेकून उभी, आणि रत्ना तिला वेणी घालतेय.

जयसिंग म्हणाला, “आबा, ही कुनाची बायकू?”

“नानाकाकाची असंल,” चिमाबाई म्हणाली. “बिचाऱ्याला कुनी दिली न्हाई, घरातच बनवली.”

हैबतराव हसला नाही. आतून पोराचा आवाज येत होता, आणि तो सकाळपेक्षा बारीक झाला होता. रत्नानं तो ऐकला. तिनं दाताखाली सुतळी धरली आणि सगळी बाई उसवली.

दुसऱ्या वेळी ते पारडू झालं. उलटं शिवायचं आणि मग सुलटं करायचं, म्हणजे शिवण आत जाते, हे तिला आईनं शिकवलेलं. तिनं आत डोकं घालून एकेक पाय बाहेर ओढला. पुढचे दोन पाय जयसिंगानं शिवले होते, ते मागच्यांपेक्षा लांब झाले, त्यामुळे पारडू नेहमी चढावर उभं असल्यासारखं दिसायचं. डोळ्यांना रिठ्याच्या बिया लावल्या. कान कुणाला नीट येईनात, शेवटी तिनं ते बाळाच्या कुंचीचे कोपरे असतात तसे दुमडून केले. शेपूट म्हणून गेलेल्या पारडाचं दावं. त्याला अजून त्याचा वास होता. ते दावं हातात घेतल्यावर हैबतराव उठून बाहेर पावसात जाऊन उभा राहिला.

पेंढा कोंबून झाला. पोटाची शिवण राहिली. रत्ना म्हणाली, “तुमी समदी जावा. ही म्या घालते.”

“का गं?”

“आई म्हनती, शेवटचा टाका बगू नये कुनी.”

असं सगुणाबाई म्हणत असेल, नसेलही. आमच्या घरच्या बायकांची दुसरी एक रीत मात्र मला ठाऊक होती: उशी असो, वाकळ असो, पोरीची बाहुली असो, जे भरून शिवायचं त्याचं तोंड मिटण्याआधी आत चार दाणे टाकायचे. रिकाम्या पोटाचं शिवू नये. चार दाणे, चिमूटभर. मी आपला उठून गेलो.

पारडू गोठ्यात नेताना हैबतराव कण्हला. “पेंढ्याचं हाय का दगडाचं, नान्या? लई जड.”

“घोंगडी पानी प्याली असंल,” मी म्हणालो.

मग सोंग सजवायचं काम. घोंगडीला मेंढराचा वास, आणि म्हशीला मेंढरू झालं असं तिला पटवणं अवघड. म्हणून आधी घोंगडीला मैनेचंच शेण चोळलं. मग मैना व्याली तेव्हा तिच्याखाली पसरलेला पेंढा गोठ्याच्या माचीवर पडला होता, तो घासला. वर मिठाचं पाणी, चांगलं खारट, म्हणजे जीभ लागली की सुटू नये. रोज नवं मिठाचं पाणी घालायचं, असं चिमाबाईनं बजावलं.

मैनेनं पारडाकडे बघितलं. पारडू रिठ्याच्या डोळ्यांनी मैनेकडे. आम्ही सगळे कुडाच्या मागं. मैनेनं नाक लावलं, फुर्र केलं, मागं सरली. हैबतराव देवाचं नाव घ्यायला लागला, आणि कुठल्या देवाला हाक मारावी ते न सुचून त्यानं सगळ्यांना एकदम मारली. मैना पुन्हा पुढं आली. शेपटीचा, म्हणजे त्या दाव्याचा वास घेतला. बराच वेळ घेतला. मग एकदम रेकली, अगदी हळू, घशातल्या घशात, आणि चाटायला लागली.

“बस, आबा, बस!” जयसिंग ओरडला. हैबतराव चरवी घेऊन खाली बसला, आणि धार वाजली. मी पुष्कळ वाद्यं ऐकली आहेत, त्यात एकदा सात सनया एकाच माणसानं वाजवलेल्या ऐकल्या आहेत. पण त्या चरवीतल्या धारेसारखं काही नाही.

पोर प्यालं आणि झोपलं. सगुणाबाईनं आतून विचारलं, “प्यालं?” मी हो म्हणालो, आणि नेहमीचं पुढचं काही जोडायचं विसरलो.

तसे बरे दिवस गेले. सकाळ-संध्याकाळ मैना पारडाला चाटायची, हैबतराव दूध काढायचा, जयसिंग पारडाला मिठाचं पाणी घालायचा. चाटून चाटून घोंगडीचा रंग उजळला. मैना त्याच्याशी बोलायची. गोठ्यात गळती सुरू झाली की ती सरकून पाणी स्वतःच्या अंगावर घ्यायची आणि पारडाला कोरडं ठेवायची. हे बघून हैबतराव मान खाली घालायचा. “जनावराला फशिवतोय,” म्हणायचा. चिमाबाई म्हणायची, “तू फशिवतुयास म्हनून तर तुजं जगतंय.”

मग एका सकाळी जयसिंग धावत आला. “आबा, पारडाला मिशा आल्या!”

“पळ.”

“खरंच. पोटाला. हिरव्या.”

आम्ही गेलो. पारडाच्या पोटाच्या शिवणीतून, पाठीवरून, मांडीवरून हिरवीगार, नाजूक, बोटाएवढी भाताची रोपं वर आली होती. घोंगडीची वीण जिथं सैल तिथून, एकेका भोकातून एकेक. वाफ्यात पेरल्यासारखी. असलं दाट रोप त्या साली कुणाच्या शेतात आलं नव्हतं, आणि ते आमच्याकडे पारडाच्या अंगावर आलं.

हैबतराव रत्नाकडे वळला. “काय घातलंस आत?”

रत्ना खालच्या ओठाला दात लावून उभी होती.

“रत्ने, काय घातलंस?”

“भात.”

“चार दानं?”

“पायली.” आणि मग तिचा बांध फुटला. “आई म्हनती रिकाम्या पोटाचं शिवू नये. आन् आपलं बाळ उपाशी हुतं. म्हनलं... म्हनलं ह्याचं तरी पोट भरू दे.”

पायलीभर बियाणं. आम्ही त्यावर रोज पाणी घालत होतो, म्हैस त्याला रोज जिभेनं शेकत होती. उगवेल नाही तर काय करील? हैबतरावानं तिच्यावर हात उगारला, तो हवेतच राहिला, आणि मग त्यानं तो आपल्याच कपाळावर ठेवला.

“उपटू या,” मी म्हणालो. “एकेक उपटू. कुनाला कळतंय.”

पण मैनेला कळलं होतं. बाहेरचं गवत पावसानं कुजलं होतं, म्हणून पावसाळाभर वाळका पेंढा खाऊन तिचं तोंड आंबलं होतं, आणि पुढ्यात हे कोवळं, हिरवं, वर मीठ लावलेलं. तिनं पारडाला चाटलं. जिभेला लागलं ते तिनं ओढलं. मग पुन्हा चाटलं, पुन्हा ओढलं. आधी मायेनं, मग थोडं मायेनं आणि थोडं भुकेनं, आणि कधी माया संपून नुसती भूक राहिली ते तिचं तिलाही समजलं नसावं.

“आगं, ए! मैने! हैक!” हैबतराव तिची वेसण ओढत होता. मी शेपूट ओढत होतो. जयसिंग पारडाचे पाय धरून लोंबकळला होता. तिनं आम्हा तिघांनाही जुमानलं नाही. घोंगडी टरकली, पेंढा सांडला, रोपांच्या मुळ्यांनी सगळं एकमेकांत गुंतलं होतं, ते लोळच्या लोळ तिच्या तोंडात गेले. पोट खाल्लं, पाठ खाल्ली, जयसिंगाचे लांब पाय खाल्ले. शेवटी चिखलात डोकं तेवढं उरलं, रिठ्याच्या एका डोळ्याचं.

खाऊन झाल्यावर तिनं मान वर केली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गव्हाणीत बघितलं. आणि रेकायला लागली.

तिला ते पारडू हवं होतं.

मी आयुष्यभर खोटंनाटं सांगत आलो, पण ते रेकणं मला खोट्यातही घालता येत नाही. तिनं स्वतः खाल्लं होतं आणि स्वतःच शोधत होती, आणि तिला हे समजावून सांगेल अशी भाषा कुणाकडे नव्हती.

त्या संध्याकाळी चरवी पुन्हा कोरडी. आम्ही पोत्याचं दुसरं पारडू भरलं, तेही घाईनं, रात्र पडायच्या आत. मैनेनं त्याला एकदाच हुंगलं आणि शिंगावर घेऊन आढ्याकडे उडवलं, तिथं बेडकं बसली होती त्यांच्यात. दुसऱ्या दिवशी हैबतराव पुन्हा ओढ्यावर गेला. ओढ्यानं पुन्हा त्याला घरी पाठवलं. पोर आता रडतही नव्हतं. नुसतं तोंड उघडायचं आणि मिटायचं. आतून सगुणाबाईनं विचारलं, “भावजी, आवाज का येत न्हाई?”

“निजलंय,” मी म्हणालो. एवढं लहान खोटं मी कधी बोललो नव्हतो, आणि एवढं जडही.

चिमाबाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती, पदराखाली. म्हातारीला स्वतःला कापरं भरलं होतं, अंगावर घोंगडी नव्हती. “हात-पाय गार पडल्यात,” ती म्हणाली. “काय तरी गुंडाळा ह्याला. कोरडं.”

कोरडं काही नव्हतं. दुपटी सगळी चुलीवर, आणि चुलीचं तुम्हाला सांगितलंच.

रत्ना उठली. पारडाचं ते डोकं तिनं चिखलातून उचलून, पुसून, कुणी टाकू नये म्हणून स्वतःच्या बाहुल्यांत ठेवलं होतं. लोकरच ती, आतल्या बाजूनं वाळली होती. तिनं उरलेला डोळा काढला, पेंढा काढला, मानेच्या बाजूनं उसवून दोन्ही कडा दुमडल्या आणि दाभण बाजूला ठेवून बारीक सुईनं टाके घालायला लागली. ती कुंची शिवत होती. डोक्यावर टोपी आणि मागं पाठीवर फडका, लहान बाळांना घालतात तशी. कान होते ते तसेच राहिले. शेवटी तिनं सवयीनं काठाच्या शिवणीत बोट घालून बघितलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “नानाकाका, ह्यात दानं न्हाई घालत हां.”

“नको घालूस,” मी म्हणालो.

तिनं बाळाला कुंची घातली. काळ्या घोंगडीतून पोराचा तळहाताएवढा पांढरा चेहरा, आणि वर पारडाचे दोन कान. मग रत्नानं त्याला कडेवर घेतलं आणि बापाला दाखवायला गोठ्याकडे नेलं. हैबतराव तिथं मैनेच्या पुढ्यात डोकं धरून बसला होता. मी मागोमाग गेलो, कारण पावसानं पायाखाली निसरडं होतं.

मैना रेकता रेकता थांबली.

तिनं मान लांब केली. रत्ना घाबरून मागं सरणार तेवढ्यात हैबतराव कुजबुजला, “हलू नगंस. रत्ने, हलू नगंस बाळा.”

मैनेनं नाक कुंचीला लावलं. त्यात तिचंच शेण होतं, तिचंच मीठ, तिचीच लाळ. जिभेचा खरखरीत पट्टा कुंचीवरून फिरला, मग कपाळावरून. पोरानं डोळे उघडले आणि एक बारीक, कण्हल्यासारखा आवाज काढला. मैना घशातल्या घशात रेकली. आणि हैबतरावानं हात लावायच्या आधीच चारी आचळांतून दूध टपकायला लागलं. चरवी कुणाला सापडेना. पहिलं दूध मी माझ्या पागोट्यात धरलं, हे अगदी खरं आहे.

रत्नाचे हात भरून आले, पण ती हलली नाही. म्हैस पोराला चाटत होती, बाप दूध काढत होता आणि रडत होता. मी मागं वळलो तर दारात सगुणाबाई. कशी उठली, कुणी उठवली, माहीत नाही. दाराची चौकट धरून उभी होती, केस सुटलेले. तिचं पोर दुसऱ्या आईच्या जिभेखाली होतं.

“भावजी,” ती म्हणाली, “माजं हाय ते.”

“तुमचंच हाय, वहिनी.”

“मग मला घेऊ द्या की.”

मी तिच्याकडे बघितलं आणि चरवीकडे बघितलं. चरवी अर्धी झाली होती. तिलाही दिसत होतं. तिनं हात पुढं केले होते ते हळूहळू खाली घेतले, आणि धार संपेपर्यंत ती तशीच चौकटीला टेकून उभी राहिली.

तिथून पुढं रोजचं तेच. सकाळ-संध्याकाळ पोराला कुंची घालायची आणि मैनेपुढं धरायचं. बारसं गोठ्याच्या दारात केलं. म्हशीपुढं भीक मागून जगलेलं पोर म्हणून नाव ठेवलं भिकू. त्याचं डोकं वाढलं तशी रत्नानं कुंचीला मागून ठिगळं जोडली. भिकूच्या डोक्यावरचे केस आजही कपाळावरून उलटे मागं वळलेले आहेत, हजारदा तेल लावा, बसत नाहीत. ज्यांना माझा भरवसा नाही त्यांनी ते जाऊन बघावेत.

दिवाळी झाली. ओढा गुडघ्यावर आला. म्हसू धनगर शेरडं-मेंढरं घेऊन परतला आणि आईला बघून आधी म्हणाला, “आये, घोंगडी कुटंय?”

“म्हशीनं खाल्ली,” चिमाबाई म्हणाली.

म्हसूनं माझ्याकडे संशयानं बघितलं. मी हात जोडले, “ह्यात माजं काय बी न्हाई.”

त्यानं दोन दुभत्या शेळ्या आमच्या दारी बांधल्या. शेळीचं दूध पोराला मानवलं. सगुणाबाईही हिंडू-फिरू लागली होती. आता गोठ्यात पोराला नेण्याचं कारण उरलं नव्हतं. हैबतराव मोकळा झाल्यासारखा ओटीवर पाय पसरून बसला.

दिवेलागण झाली. मैना रेकली. सगुणाबाईनं खुंटीवरची कुंची काढली, पोराच्या डोक्यावर घातली, कान सरळ केले आणि त्याला कडेवर घेऊन निघाली.

“आगं, कुटं?” हैबतराव म्हणाला. “शेरडाचं दूध हाय की आता. रोज उटून कशाला चाटून घ्यायचं?”

ती उंबऱ्यावर थांबली.

“ते पोर तिचं न्हाई, हे तिला कोन सांगनार?” ती म्हणाली. “तुमी सांगता?”

हैबतरावानं माझ्याकडे बघितलं. वाडीत बोलण्यात पटाईत मीच. मी चिमाबाईकडे बघितलं, चिमाबाईनं म्हसूकडे. म्हसू शेळीचं दावं बांधत राहिला, जे आधीच बांधलेलं होतं.

मैना पुन्हा रेकली.

“मग बसा,” सगुणाबाई म्हणाली, आणि गोठ्यात गेली.